कारणाचा रकाना : प्रस्तावना

अपघाताच्या नोंदवहीत ‘अपघाताचे कारण’ असा एक रकाना असतो. डिप्लोमा करून भोसरीतल्या एका लहान प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच वर्षी तो भरायची वेळ माझ्यावर आली. मी लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि मालकांनी न वाचताच सही केली.

मुलगा बीडकडचा, एकोणीस वर्षांचा. ठेकेदाराकडून आलेला, कामावर येऊन अकरा दिवस झालेले. त्याच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायचा, म्हणजे स्ट्रोक पडताना दोन्ही हात डायच्या बाहेर राहणार, अशी ती रचना. पण डाव्या बटणात पत्र्याचा एक तुकडा दुमडून कोंबला होता. बटण कायमचं दाबलेलं. मग उजवा हात बटणावर आणि डावा जॉब आत-बाहेर करायला मोकळा; तासाला माल बराच जास्त निघायचा. त्या दिवशी जॉब डायला चिकटला. तो सोडवायला त्याने डावा हात आत घातला आणि उजवा हात सवयीने बटणावर गेला. तर्जनीची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाची दोन.

तो पत्र्याचा तुकडा मी रोज पाहत होतो. ग्रीसने काळा पडलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेला. म्हणजे तो त्या मुलाच्या आधीपासून तिथे होता, माझ्याही आधीपासून. तो कोणी बसवला, कोणाच्या सोयीसाठी बसवला, हे विचारावं असं मला सुचलंच नाही. रकान्यात माणसाचं नाव घातलं की चौकशी संपते, एवढंच तोवर मी शिकलो होतो.

त्यानंतर अनेक वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं आणि त्या रकान्यात कायदा खरं तर काय विचारतो ते हळूहळू समजत गेलं. मालकाची कायदेशीर कर्तव्यं सांगणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी तो पत्र्याचा तुकडाच डोळ्यांपुढे आला. पुढच्या प्रकरणांत कलमं आहेत, मुदती आहेत, आकडे आहेत. ते सगळं ज्या एका विचारावर उभं आहे तो असा, की कामाची जागा ज्याच्या ताब्यात, ती सुरक्षित ठेवणं त्याचं काम. कामगाराच्या ताब्यात फक्त त्याचे हात असतात. यंत्र कोणतं घ्यायचं, ते कुठे बसवायचं, त्याला गार्ड लावायचा की नाही, तासाला किती माल मागायचा, अकरा दिवसांच्या पोराला कुठल्या मशीनवर उभं करायचं, हे दुसरं कोणीतरी ठरवतं. कायदा त्या ठरवणाऱ्याला शोधतो.

1948 च्या कारखाने कायद्याने त्याला ‘भोगवटादार’ म्हटलं. कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. मोठ्या कंपन्यांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केला. एखाद्या अधिकाऱ्याला कागदोपत्री भोगवटादार नेमायचं, म्हणजे खटला झाला तर त्याच्यावर होईल. 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. कंपनीचा कारखाना असेल तर भोगवटादार संचालकांपैकीच कोणीतरी असला पाहिजे. पगारी माणसाच्या खांद्यावर ती जबाबदारी ढकलता येत नाही. या निकालाबद्दल मी अनेक कारखानदारांशी बोललो आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याची बसण्याची पद्धत बदललेली पाहिली आहे.

याच कायद्याचं कलम 21 सांगत होतं, की यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवं आणि यंत्र चालू असताना ते कुंपण जागेवर हवं. कामगार हुशार असेल तर कुंपण नसलं तरी चालेल, असं त्यात कुठेही नव्हतं. कायदा गृहीत धरतो की माणूस दमेल, त्याचं लक्ष उडेल, घरच्या आजाराचा विचार डोक्यात असेल, हात सवयीने जाईल. कुंपण त्यासाठीच असतं. कलम 22 आणखी बारीक होतं. चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाणी करायचंच असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करायचं आणि त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे हवेत. हे कपडे भोगवटादाराने पुरवायचे, हेही कलमातच लिहिलं होतं. शर्टाची बाही लेथच्या चकमध्ये गेली की ‘सैल कपडे घालून आला होता’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याला घट्ट कपडे कोणी द्यायचे होते, हा प्रश्न ठेवूनच हे कलम लिहिलेलं दिसतं.

नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा तर याहून जुना. जखमी माणसाला भरपाई नाकारता येईल असे अपवाद त्यात मोजकेच होते: तो दारूच्या किंवा औषधाच्या नशेत होता, त्याने सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन आहे हे माहीत असताना ते मुद्दाम काढलं. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर हे अपवादही लागू नव्हते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द या यादीत नव्हता. मी रकान्यात लिहिलेला शब्द कायद्याच्या लेखी मालकाचा बचाव होऊच शकत नव्हता! त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचा हिशेब होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असं धरायचं, पूर्ण तर्जनी गेली तर 14, तर्जनीची दोन पेरं 11, मधल्या बोटाची दोन पेरं 9. त्या मुलाचा हिशेब 20 टक्के झाला. तो डावखुरा होता. परिशिष्टात डावखुऱ्यासाठी वेगळी ओळ नव्हती.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. या देशात तो मुंबईच्या गिरण्यांतूनच पुढे आला. 1875 साली मुंबईत कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला, 1881 मध्ये पहिला कायदा झाला. तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, हा त्याचा मुख्य भाग. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून लिहिलं, आणि 1890 च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या सुट्टीकडे आपण सवलत म्हणून पाहतो. मी ती सुरक्षेची तरतूद मानतो, कारण कोणत्याही पाळीचे शेवटचे दोन तास जवळून पाहिलेल्या माणसाला थकवा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

गिरणीतली आणखी एक गोष्ट मला या विषयाच्या मुळाशी आहे असं वाटतं. विणकाम खात्यात धोट्यात नवी कांडी बसवली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. त्यातून कापसाची धूळ फुप्फुसात जायची, एकाचा आजार दुसऱ्याला व्हायचा. आणि याच उष्ट्या धाग्याचं निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेतलं जात नसे. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. तोंड न लावता हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात होते. ते विकत घ्यायचे की नाही, हे मालकाच्या हातात होतं. एका साध्या अवजाराने आजारही टळला असता आणि भेदभावाचं ते निमित्तही उरलं नसतं. दोन्हींचा भार कामगारांनी वाहिला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं आणि आठ तासांच्या दिवसाचा पाया त्याच काळात घातला गेला. या माणसाने गिरणगाव आतून पाहिलेलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग भोपाळ. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकायची ज्वाळा चालू स्थितीत नव्हती. आपण नेमकं काय श्वासात घेतलं हे लोकांना ठाऊक नव्हतं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ते वेळेवर सांगितलं गेलं नाही. त्या रात्रीपर्यंतचा आपला कायदा यंत्रं मोजत होता; कुंपण, जिना, पंखा, पिण्याचं पाणी. 1987 च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात कलम 7अ आलं: कामगारांचं आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण वाजवी रीतीने शक्य असेल तितकं सांभाळणं, हे भोगवटादाराचं सर्वसाधारण कर्तव्य. त्यात यंत्रसामग्री आणि कामाची पद्धत आली. पदार्थांची हाताळणी, साठवण, वाहतूक आली. माहिती, शिकवण, प्रशिक्षण, देखरेख आली. धोकादायक प्रक्रियेतला धोका कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला उघड सांगणंही बंधनकारक झालं.

‘वाजवी रीतीने शक्य’ हे शब्द ऐकून कारखानदाराला हायसं वाटतं. त्याने 104अ हे कलमही वाचावं. याहून अधिक काही करणं शक्य नव्हतं हे सिद्ध करायचा भार त्यात आरोपीवर टाकला होता. म्हणजे कामगाराच्या विधवेला कोर्टात यंत्रशास्त्र शिकवायला लागू नये, एवढी काळजी कायद्याने घेतली.

अपघात निदान दिसतो. आजार दिसत नाही, आणि मालकाच्या कर्तव्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते गॅलरीत बसून मोकळा श्वास घ्यायचे, आम्हाला गोष्टी सांगायचे. सोमवारी संध्याकाळी घरी आले की छाती आवळल्यासारखी व्हायची, बोलणं तुटक व्हायचं. आठवडा पुढे सरकला की थोडं सैल पडायचं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. आई म्हणायची, “ह्यांना सुट्टी मानवत नाही.” दवाखान्याच्या कागदावर ‘दमा’ असं लिहिलेलं होतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवातीची खूण नेमकी हीच, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळणारी छाती, हे मला ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षण वर्गात कळलं. वर्ग चालू असताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्या आजाराचं नाव होतं. त्या यादीतला आजार आढळला तर व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने सरकारला कळवायचं असतं. ‘दमा’ लिहिला की कोणालाच काही कळवावं लागत नाही. तोही एक कारणाचाच रकाना होता.

1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. त्याच निकालात एक व्यवहारी आदेश आहे: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत जपून ठेवायची. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्यावर आजार दिसायला काही दशकं जाऊ शकतात, तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. कागद राहिला तरच त्याला काही सिद्ध करता येईल. गिरण्या बंद पडल्या तेव्हा किती कागद रद्दीत गेले असतील, हा विचार मला अजून त्रास देतो.

आता हा सगळा वारसा एका नव्या कायद्यात आला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 मध्ये मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कारखाने, खाणी, गोद्या, बांधकाम, मळे, ठेका मजूर, स्थलांतरित मजूर असे 13 कायदे तिच्यात विलीन झाले. तिच्या काही तरतुदींचं मी मनापासून स्वागत करतो. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. त्या बीडच्या मुलाकडे आपण कुठे कामाला होतो हे सांगणारा एकही कागद नव्हता. सरकार ठरवील त्या कर्मचाऱ्यांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. सुरक्षेसाठी केलेल्या खर्चाचा एक रुपयाही कामगाराकडून घ्यायचा नाही. कारखान्याच्या आवारात असलेल्या माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी मालकाची, मग तो तिथे आहे हे मालकाला ठाऊक असो वा नसो. ‘तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता’ हे वाक्य मी किती दारांत ऐकलं, त्याला हिशेब नाही. आणि कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग पीडिताच्या कुटुंबाला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. जुन्या कायद्यात मृत्यूसाठी दंडाची खालची मर्यादा 25,000 रुपये होती.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात वीज वापरणारा 10 कामगारांचा कारखाना ‘कारखाना’ होता. संहितेत तो आकडा 20 झाला, वीज नसेल तर 20 चा 40. संहितेची सर्वसाधारण कर्तव्यं 10 माणसांच्या आस्थापनेलाही लागू आहेत हे खरं, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींतून लहान शेड बाहेर पडतात. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी साध्या कारखान्यात 500 कामगार हवेत आणि धोकादायक प्रक्रिया असेल तिथे 250. बोटं मात्र जास्त करून पंधरा माणसांच्या शेडमध्ये जातात. मोठ्या वाहन कंपनीच्या असेंब्ली लाइनवर सेन्सर असतात, पिवळे पट्टे असतात. त्या गाडीचा ब्रॅकेट ज्या गल्लीत दाबला जातो तिथे बटणात पत्रा कोंबलेला असतो. सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते, त्यांत वाहनांच्या सुट्या भागांच्या पुरवठा साखळीतल्या अशाच जखमा नोंदलेल्या आहेत.

लहान कारखानदाराची बाजू मी विसरलेलो नाही. भोसरीतले, अंबडमधले कित्येक मालक स्वतः टर्नर-फिटर होते. कर्ज काढून त्यांनी जुनी प्रेस घेतली, बिलं नव्वद दिवसांनी निघतात आणि दर वर्षी रेट खाली आणा असं पत्र येतं. त्यांतले बरेच जण कामगाराला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेतात, रात्रभर बाहेर बाकावर बसतात. त्यांच्या माणुसकीवर मला शंका नाही. पण दवाखान्याबाहेर काढलेली ती रात्र कर्तव्याच्या जागी धरता येत नाही. कर्तव्य आदल्या दिवशी, स्ट्रोक पडायच्या आधी करायचं असतं. मग त्याच मालकाला कोणीतरी एक युक्ती शिकवतं. जखमेमुळे माणूस 48 तास किंवा अधिक काम करू शकला नाही तर अपघात कळवावा लागतो, अशी जुन्या कायद्याची तरतूद. म्हणून तिसरा दिवस उजाडायच्या आत बँडेज बांधलेल्या हाताने त्याला बोलावून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवायचं आणि हजेरी लावायची. मी अशा खुर्च्या पाहिल्या आहेत. तिथे बसलेला माणूस कोणाकडे वर बघत नाही.

या पुस्तकाचा वापर कसा करावा, हे मला विचारलं गेलं. नवीन काही सुचवण्याऐवजी घडलेलं सांगतो. मागच्या वर्षी एका ओळखीच्या कारखानदाराने हस्तलिखिताची पानं चाळली आणि म्हणाला, “साहेब, एवढ्या कलमांतलं मी आधी काय करू?” मी म्हटलं, आज तुमच्या प्रेसवर तुम्ही बसा आणि पन्नास जॉब काढा, तुमच्याच टार्गेटच्या वेळात. तो हसला, पण बसला. मूळचा हातचा कारागीर, पहिले वीस-पंचवीस जॉब सफाईने काढले. मग एक जॉब डायला चिकटला. त्याचा डावा हात आत गेला. अर्ध्या वाटेत तो थांबला, हात मागे घेतला आणि कितीतरी वेळ तळव्याकडे पाहत राहिला. मग मेन स्विच बंद करून त्याने फिटरला हाक मारली आणि त्या बटणात कोंबलेलं काय आहे ते काढायला सांगितलं.